सरोवराच्या दोन तीरांवर

श्रोतेहो, परदेशांतील हिंवाळ्याविषयीं बोलावयाचें म्हटलें कीं ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढें बहुधा एकच चित्र उभें राहतें : पांढरीं शुभ्र घरें, बर्फांत खेळणारीं मुलें आणि शेगडीच्या उबेला बसलेलें सुखी कुटुंब. हें चित्र खोटें नाहीं. पण तें चार-दोन दिवसांचें असतें. उरलेला हिंवाळा काळोखाचा, ओल्या मोज्यांचा आणि कपडे चढविण्या-उतरविण्याचा. अशाच एका हिंवाळ्याची, आमच्या घरांतली हकीकत मी आज आपणांस सांगणार आहें.

आम्ही मूळचीं साताऱ्याकडचीं. यजमानांच्या नोकरीनिमित्त गेलीं सात वर्षें आमचें बिऱ्हाड जर्मनींत स्टुटगार्ट येथें आहे. हें नगर १९६८ पासून आपल्या मुंबईचें भगिनी-शहर म्हणवितें. पण दोघींच्या चेहऱ्यांत साम्य शोधूं गेल्यास हातीं कांहीं लागत नाहीं. टेकड्यांच्या द्रोणांत वसलेलें, वस्तीच्या मधोमध द्राक्षांचे मळे असलेलें हें शहर आहे. डिसेंबरांत येथें सूर्य आठानंतर उगवतो आणि साडेचारच्या सुमारास मावळतो. मुलगी शाळेला निघते ती काळोखांत, आणि यजमान परततात तेही काळोखांत. दोहोंच्या मध्यें जो दिवस उरतो, त्यांत ऊन असेलच असा भरंवसा नाहीं.

त्या वर्षीं नोव्हेंबरांत सासूबाई आमच्याकडे आल्या. पाहुण्यांच्या परवान्यावर नव्वद दिवस राहतां येतें. म्हणजे फेब्रुवारीच्या आरंभीं त्यांना परतावयाचें होतें. “उन्हाळ्यांत या,” असें आम्ही परोपरीनें लिहिलें होतें. त्यांचें उत्तर एका ओळीचें होतें : “तुम्ही कठीण दिवस कसे काढतां तें मला पाहावयाचें आहे, सोपे दिवस कोणीही काढतो.”

आल्यापासून तिसऱ्या दिवशीं आमच्या दारावर एक लहानशी पाटी येऊन लटकली. या प्रांतांत तिला ‘केरवोखे’ म्हणतात, म्हणजे झाडण्याचा आठवडा. इमारतींतील बिऱ्हाडांनीं पाळीपाळीनें सामायिक जिना, तळघराची वाट आणि घरापुढचा रस्ता स्वच्छ ठेवावयाचा. ज्याची पाळी, त्याच्या दारावर पाटी. आठवडा सरला कीं ती शेजाऱ्याच्या दारावर नेऊन अडकवावयाची. या रिवाजाचें मूळ पंधराव्या शतकापर्यंत मागें नेतात. १९८८ मध्यें नगरपालिकेनें त्याची सक्ती काढून टाकली. पण घरभाड्याच्या करारांत तो आजही टिकून आहे. सासूबाईंना मीं त्या शब्दाचा अर्थ सांगतांच त्या हंसूं लागल्या. “अगं, केर तो केरच! हा तर आपलाच शब्द दिसतो.” भाषापंडितांना हें रुचेल कीं नाहीं, कोण जाणे, पण त्या दिवसापासून आमच्या घरांत त्याचें नांव ‘केराचा आठवडा’ असेंच पडलें.

हिंवाळ्यांत हें काम नुसत्या खराट्याचें राहत नाहीं. रात्रीं बर्फ पडला तर ज्याची पाळी असेल त्यानें कामाच्या दिवशीं सकाळीं सातच्या आंत घरापुढची पायवाट मोकळी करून तीवर खडी पसरलीच पाहिजे. कोणी घसरून पडला तर त्याची जबाबदारी आपल्यावर येते. पहाटे साडेपांचला उठून, दोन हातमोजे एकावर एक चढवून फावड्यानें बर्फ ओढतांना पहिल्या वर्षीं मला रडूं आलें होतें. तेव्हां तळमजल्यावरच्या आजीबाई बाहेर आल्या, माझ्या हातांतून फावडें घेतलें आणि एक शब्दही न बोलतां तें कसें तिरपें धरावें तें दाखवून परत आंत गेल्या. या देशांत माझी पहिली ओळख झाली ती अशी.

घरांतील नित्यक्रमही हिंवाळाच ठरवितो. बाहेर शून्याखालीं थंडी असली तरी दिवसांतून दोन-तीनदां सर्व खिडक्या पांच-दहा मिनिटें सताड उघडाव्या लागतात. आपल्या आमटी-भाताची वाफ घरांत कोंडली, तर ती गार भिंतींवर जाऊन बसते आणि पंधरा दिवसांत काळी बुरशी धरते. पोळीचेंही एक शास्त्र शिकावें लागलें. येथें पिठाच्या पुडीवर आंकडे असतात. शंभर ग्रॅम पीठ जाळल्यावर सुमारें किती मिलिग्रॅम राख उरते, तें त्यांवरून कळतें. आंकडा जितका मोठा, तितका पिठांत कोंडा अधिक. ४०५ आंकड्याचें पीठ केकसाठीं उत्तम, पण त्याची पोळी वातड होते. १०५० च्या पिठांत थोडें सबंध गव्हाचें पीठ मिसळलें, तेव्हां आमच्या घरांत पहिल्यानें घडीची पोळी झाली. रविवारीं दुकानें बंद. म्हणून शनिवारीं दूध संपल्याचें लक्षांत आलें नाहीं, तर रविवारचा चहा बिनदुधाचा.

अशा लहानसहान गोष्टींनीं घर बसत जातें, आणि एके दिवशीं ध्यानांत येतें कीं आपण पाहुणे राहिलों नाहीं. पण मग आपण कोण झालों? हा प्रश्न आमच्या घरांत कागदाच्या रूपानें कपाटांत पडून होता. जर्मनीनें जून २०२४ पासून मूळ नागरिकत्व न सोडतां आपलें नागरिकत्व घेण्याची मुभा दिली आहे. परंतु आपल्या देशाचा कायदा निराळा आहे. जो स्वेच्छेनें परदेशाचा नागरिक होतो, तो भारताचा नागरिक राहत नाहीं. त्याला ओ.सी.आय. कार्ड मिळूं शकतें. त्यावर कितीही वेळां यावें, कितीही दिवस राहावें; पण मत देतां येत नाहीं आणि शेतजमीन विकत घेतां येत नाहीं. इकडे ज्या गांवांत मुलगी शिकते, कर भरतों, बर्फ ओढतों, तेथील कारभारांत आम्हांला मत नाहीं. आणि अर्ज केला, तर तिकडचें मत जाणार. यजमानांनीं अर्ज भरून ठेवला होता. सही तेवढी बाकी होती. त्यांची आणि माझीही. सासूबाईंना यांतलें आम्ही कांहींच सांगितलें नव्हतें.

नाताळच्या सुटींत प्रवासाला निघावयाचें ठरलें. कोठें जावें, हें तळमजल्यावरच्या आजीबाईंनीं ठरविलें. त्यांचें माहेर बोडेन सरोवराच्या कांठीं आहे. जर्मनी, स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रिया या तीन देशांच्या मध्यें हें सरोवर पसरलें आहे. त्याचा विस्तार सुमारें ५३६ चौरस किलोमीटर, आणि सर्वांत अधिक खोली २५१ मीटर. त्याच्या मोठ्या भागांत कोणत्या देशाची हद्द कोठें संपते, याचा सर्वमान्य करार आजवर झालेला नाहीं. “तेथें जा,” आजीबाई म्हणाल्या, “आणि पलीकडच्या तीरावर आमचा योहान आहे, त्याला माझा नमस्कार सांगा.”

हा योहान म्हणजे संत योहानाचा एक लाकडी अर्धपुतळा. जर्मन तीरावर हाग्नाउ नांवाचें गांव आहे, आणि समोर सात-आठ किलोमीटरांवर स्विस तीरावर म्युन्स्टरलिंगेन. १५७३ सालीं सरोवर इतकें गोठलें कीं लोक मिरवणुकीनें हा पुतळा बर्फावरून पलीकडे घेऊन गेले. तेव्हांपासून रीत पडली कीं सरोवर पुनः तसें गोठेल तेव्हां पुतळा ज्या गांवीं असेल तेथून समोरच्या गांवीं न्यावयाचा आणि पुढच्या गोठण्यापर्यंत त्यांनीं तो सांभाळावयाचा. पण एवढें खोल पाणी सहजीं गोठत नाहीं. वरचें पाणी गार झालें कीं जड होऊन खालीं जातें आणि तळचें वर येतें. अशा रीतीनें सर्व पाणी चार अंशांपर्यंत उतरेल तेव्हां कोठें पृष्ठभागावर बर्फ धरूं लागतो. १८३० मध्यें पुतळा हाग्नाउला आला. तो परत पलीकडे जाण्यास १९६३ चा फेब्रुवारी उजाडावा लागला. त्या दिवशींच्या हजारोंच्या मिरवणुकींत आठ वर्षांच्या आजीबाई वडिलांचा हात धरून चालत होत्या. “पायांखालीं बर्फ मोठ्यानें कण्हत होता,” असें त्या सांगत.

स्टुटगार्टहून गाडी निघाली. गाइसलिंगेनजवळ ती घाट चढूं लागली, तेव्हां यजमानांनीं आईला सांगितलें कीं १८५० मध्यें सुरूं झालेल्या या घाटाचा चढ सुमारें चव्वेचाळिसांत एक आहे. आपला बोरघाट १८६३ चा. त्याचा चढ सदतिसांत एक. “म्हणजे आपलाच अधिक!” असें म्हणून त्या समाधानानें खिडकीबाहेर पाहूं लागल्या. उल्म येथील चर्चचा मनोरा गाडींतूनच दिसला. १३७७ मध्यें ज्याचा पाया घातला, त्याचा कळस १८९० मध्यें चढला.

हाग्नाउला पोंचलों तों सरोवर दिसेना. हिंवाळ्यांत या पाण्यावर दाट धुकें धरतें. पलीकडचा तीर तर राहोच, धक्क्याच्या टोंकाचा दिवाही अस्पष्ट होता. दुसऱ्या दिवशीं फ्रीड्रिश्सहाफेनहून बोटीनें आम्ही स्वित्झर्लंडकडे निघालों. सासूबाईंनीं पारपत्र हातांत घट्ट धरून ठेवलें होतें. तें कोणीच मागितलें नाहीं, याचा त्यांना थोडा विषादच वाटला. रोमान्सहोर्नला उतरून लहान आगगाडीनें म्युन्स्टरलिंगेन गांठलें.

देवळांत आमच्याशिवाय कोणी नव्हतें. पुतळ्यापुढें उभें राहून आम्ही आजीबाईंचा नमस्कार पोंचविला. मग मुलीनें विचारलें, “आजी, हा आतां यांचा कीं त्यांचा?”

सासूबाईंनीं थोडें वांकून त्याच्याकडे नीट पाहिलें. “याच्या अंगावर धूळ नाहीं,” त्या म्हणाल्या. “जे रोज धूळ पुसतात त्यांचा. आणि पलीकडचे अजून नमस्कार पाठवितात, म्हणून त्यांचाही.”

मुलगी पुढें गेली. सासूबाई तशाच उभ्या होत्या. हलक्या आवाजांत मला म्हणाल्या, “सुईदोरा शोधतांना कपाटांतला तो कागद मीं पाहिला.”

मी गप्प राहिलें. काय बोलावें तें सुचेना. माझी मान खालीं गेली.

“मला राग कागदाचा आला नाहीं,” त्या म्हणाल्या, “न सांगितल्याचा आला. परत कधीं येणार, असें मी दरवर्षीं विचारतें, आणि तुम्ही दरवर्षीं कांहींतरी सांगतां. बढती मिळाली कीं येऊं. चार पैसे सांठले कीं येऊं. मुलीची शाळा झाली कीं येऊं. मी तिकडे अंगणांत खुर्ची टाकून त्याचीच वाट पाहतें. हें सरोवर गोठण्यासारखेंच झालें. गोठेल गोठेल म्हणतां साठ वर्षें होऊन गेलीं.” मग क्षणभर थांबून त्या म्हणाल्या, “पुतळ्याला बर्फ लागतो, सूनबाई. माणसाला नाव पुरते. आज आपण आलोंच कीं नाहीं?”

श्रोतेहो, १९६३ नंतर तें सरोवर पूर्णपणें गोठलेलें नाहीं, आणि हिंवाळे उबदार होत चालले आहेत. तो पुतळा कदाचित् कायमचा म्युन्स्टरलिंगेनचाच होऊन राहील. परंतु दोन्ही तीरांमधली बोट हिंवाळ्यांतही चालूच असते, आणि तिला बर्फाची वाट पाहावी लागत नाहीं. एवढी उघड गोष्ट आम्हां दोघांच्या सात वर्षांत ध्यानांत आली नव्हती. परत जाण्याचा एक मोठा दिवस येईल, या आशेवर आम्ही जाण्याचे लहान लहान दिवस वायां घालविले होते. सात वर्षांत आम्ही साताऱ्याला दोनदांच गेलों होतों.

परततांना धुकें घटकाभर विरळ झालें आणि दोन्ही तीर एकदम दिसले. सासूबाई कठड्याशीं उभ्या होत्या. यजमान त्यांच्याजवळ गेले आणि बराच वेळ दोघें बोलत होतीं. काय बोललीं, तें मीं विचारलें नाहीं.

संक्रांतीला घरीं तिळाच्या वड्या झाल्या. सासूबाईंनीं तळमजल्यावर जाऊन आजीबाईंच्या हातावर तिळगूळ ठेवला. एकीला मराठीच येते, दुसरीला जर्मनच. तरी अर्धा तास गप्पा रंगल्या. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यांत त्या निघाल्या. निघण्याच्या आदल्या रात्रीं बर्फ पडला आणि नेमकी आमचीच पाळी होती. पहाटे मी खालीं गेलें, तों त्या शाल गुंडाळून, फावडें तिरपें धरून, अर्धी वाट मोकळी करून उभ्या.

त्याच आठवड्यांत अर्जावर आम्हां दोघांच्या सह्या झाल्या आणि तो टपालांत पडला. सही करतांना हात कांपला, हें मी लपवीत नाहीं. जुनें पारपत्र परत करण्याचा दिवस येईल, तेव्हां तो अधिकच कांपेल. पण त्याच दिवशीं आम्ही दुसरेंही एक काम केलें : दिवाळीच्या सुटीचीं तिकिटें काढलीं आणि तीं दरवर्षीं काढावयाचीं असें ठरविलें. साताऱ्याच्या घराचें अंगण मोठें आहे, आणि सासूबाईंचे गुडघे आतां दुखतात. वर्षांतून निदान एक केराचा आठवडा तिकडे आमच्या वांट्याला आलाच पाहिजे.