देवयानी, शर्मिष्ठा आणि त्या हजार जणी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



भाषण करण्याचा मला सराव नाही. परंतु आपल्या वाचनवर्गात 'ययाति' वाचून संपली तेव्हा जो वाद झाला, त्याविषयी मी दोन शब्द बोलावे असा आग्रह झाला, म्हणून उभी आहे.

आपल्या झाडीपट्टीत धान घरात आले की मंडई भरते, नाटके लागतात. रात्रभर नाटक पाहून परतताना सज्जन कोण नि दुष्ट कोण, याचा निकाल आपण घराचे दार येण्यापूर्वीच लावून टाकतो. वाचनवर्गातही तसेच झाले. श्री. वि. स. खांडेकरांनी १९५९ सालच्या या कादंबरीत देवयानी आणि शर्मिष्ठा या दोघींनाही आपापली हकीकत स्वतःच्या तोंडाने सांगू दिली आहे. तरी आमचा निकाल ठरलेलाच! देवयानी अहंकारी, शर्मिष्ठा त्यागमूर्ती. मीही त्याच बाजूची होते.

पण मन स्वस्थ बसेना. म्हणून मूळ कथा महाभारताच्या आदिपर्वात पुन्हा वाचली. भांडण वस्त्रांच्या अदलाबदलीवरून झाले. राजकन्या शर्मिष्ठेने देवयानीच्या बापाला याचक म्हटले, तिला विहिरीत ढकलले आणि ती मेली असे समजून घरी निघून गेली. मग देवयानीला राग आला, तो काय उगीच? शुक्राचार्य रुसून निघाले असते, तर असुरांचे राज्य उघडे पडले असते. तेव्हा शर्मिष्ठा दासी व्हावयास तयार झाली. आपल्या कुळासाठी तिने हे केले, हे खरेच. पण त्यात आपल्या अपराधाची भरपाईही होती. म्हणजे एकीच्या स्वार्थामागे खरी जखम होती, आणि दुसरीच्या त्यागामागे स्वतःची चूक होती. माणसाचा हेतू निवडलेल्या तांदळासारखा स्वच्छ कधी मिळतो का?

इथवर येऊन मी थांबणार होते. तोच एका गोष्टीवर नजर अडली. देवयानीने शर्मिष्ठा एकटी मागितली नव्हती. तिच्यासह हजार मुली दासी म्हणून मागितल्या होत्या. आणि त्या गेल्याही! सूड देवयानीचा, त्याग शर्मिष्ठेचा. परंतु त्या हजार जणींना कुणी विचारले होते का? पुढे देवयानीच्या यदूपासून यादव झाले, शर्मिष्ठेच्या पुरूपासून पौरव. दोघींच्याही लेकरांची नावे राहिली. त्या हजारांतल्या एकीचेही नाव आपल्याला ठाऊक नाही.

भगिनींनो, हे वाचून मला माझीच लाज वाटली. काही वर्षांपूर्वी मी मंडळाचा शिवणवर्ग अंगावर घेतला. तेव्हा बोलले होते की, गरजू भगिनींसाठी दोन तास देईन. मनात दुसरेही होते. शेजारच्या एका बाईंचे बालवाडीच्या कामाबद्दल फार कौतुक होत असे, ते मला सोसवत नव्हते. तरी वर्ग चालला, बायका शिवण शिकल्या. तेव्हा त्या हेतूचे मला आता फारसे वाईट वाटत नाही. वाईट वाटते ते निराळेच. ते दोन तास मी दिलेच नव्हते. संध्याकाळचा स्वयंपाक, सासूबाईंचे औषध, मुलांचा अभ्यास, सारे माझ्या धाकट्या जावेने सांभाळले. वर्धापनदिनी नारळ आणि टाळ्या मला मिळाल्या. ती मागच्या रांगेत मुलाला मांडीवर घेऊन बसली होती. तिला मी एकदाही विचारले नव्हते.

म्हणून माझे एवढेच म्हणणे आहे. कोण स्वार्थी नि कोण निःस्वार्थी, हे ताडण्यात आपण वेळ घालवू नये. आपल्या मानाची किंवा आपल्या सेवेची किंमत कुणाच्या पदरातून जाते आहे, एवढे अवश्य पाहावे. काम जरूर घ्यावे; पण घेण्यापूर्वी घरातल्या त्या दुसरीला विचारावे आणि ती 'नाही' म्हणाली तर ऐकावे.

या वर्षापासून शिवणवर्ग आठवड्यातून चारच दिवस भरतो. उरलेल्या दोन संध्याकाळी मी घरी असते आणि धाकटी जाऊ वाचनवर्गाला येते. परवा तिने वादात देवयानीची बाजू घेतली, आणि मला गप्प बसावे लागले!