हातात कागद हवा, आणि तो आपल्या भाषेत हवा
(घाटकोपर येथे गिरणी व कापड कारखान्यांतील कामगारांपुढे केलेले भाषण)



पाळी सुटल्यावर घरी न जाता तुम्ही इथं येऊन बसला आहात. पोटात भूक आहे, उद्या पुन्हा भोंगा आहे. तेव्हा पाल्हाळ लावत नाही. साकीनाक्याच्या मागाच्या गाळ्यांतले गडी इथं आहेत, अंधेरीच्या शिलाई कारखान्यांतल्या भगिनी आहेत. बोरिवली-मुलुंडहून पहाटेच्या गाडीनं परळला जाण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, ते केस पिकलेले गिरणीवालेही आहेत. सगळ्यांना एकच प्रश्न विचारतो. नेमणुकीचं पत्र ज्यांच्याजवळ आहे, त्यांनी हात वर करावा.

मोजले. एका हाताची बोटं पुरली!

माझंच सांगतो. मी बदलीवर होतो. रोज फाटकावर उभं राहायचं, जॉबरच्या तोंडाकडे बघायचं, काम मिळालं तर मिळालं. घरी आजारपण निघालं म्हणून उचल मागायला गेलो. बाबूनं इंग्रजी टाइप केलेला कागद पुढे सरकवला. "कर सही, पैसे घे." केली सही. पुढं फाटकावर अडवलं तेव्हा कळलं, तो कागद उचलीचा नव्हता, राजीनाम्याचा होता. गिरणीचं नाव सांगत नाही. गिरणी गेली, आणि नाव घेऊन माझं तिकीट परत यायचं नाही. पण मला त्या दिवशी मालकाच्या लबाडीपेक्षा जास्त लागली ती माझी सही. मराठीत चार ओळी असत्या, तर ती सही झाली असती का?

आपले हक्क कुणी ताटात वाढून दिलेले नाहीत. रविवारची सुट्टीच घ्या. रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांच्या सह्यांचा अर्ज केला, सभा घेतल्या, आणि १० जून १८९० रोजी ती सुट्टी मिळाली. त्या सह्यांत अंगठेच किती असतील! पण त्या अंगठ्यांखाली काय मागितलंय, हे सभेत मराठीत सांगितलेलं होतं. माझ्या सहीत आणि त्या अंगठ्यांत फरक आहे तो एवढाच.

आता १९८२ चा संप. १८ जानेवारीला सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. पुढारी आपल्या याच घाटकोपरचे डॉक्टर, दत्ता सामंत. त्या संपाचं बरंवाईट आज काढत नाही, त्याला रात्र पुरणार नाही. मी सांगतो ती नंतरची गोष्ट. गिरण्यांच्या जमिनी विकल्या जाऊ लागल्या, आणि लढून लढून ठरलं की त्या जमिनीवर गिरणी कामगाराला घर द्यायचं. कुणाला? १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर जो कामावर होता त्याला. मग म्हाडानं विचारलं, पुरावा आणा. लाल पास, तिकीट, हजेरीचं कार्ड, पगाराची चिठ्ठी, फंडाची पावती, विमा योजनेचा नंबर, काय असेल ते आणा. पत्र्याची ट्रंक उपसली आणि तळाशी लाल पास निघाला, त्याचा अर्ज पुढे गेला. ज्यानं वीस वर्षं साचा चालवला, पण गावी जाताना कागद चुलीत घातले, तो हेलपाटे घालत राहिला. अंगातली ताकद दिली ती कुणी लिहून घेतली नाही.

म्हणून कागदाचं आज बोलतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्र सरकारनं २९ जुने कामगार कायदे मोडून चार संहिता लागू केल्या. तारीख लक्षात ठेवा. १९५५ साली याच तारखेला फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला आणि संयुक्त महाराष्ट्रासाठी १५ माणसं पडली. दिल्लीवाल्यांनी मुद्दाम तारीख निवडली असं मी म्हणत नाही. त्यांना ती आठवतही नसेल.

या संहितांत वाईट बरंच आहे. पूर्वी १०० कामगारांच्या कारखान्याला कपात करायला सरकारची परवानगी लागे, ती मर्यादा आता ३०० वर नेली आहे. साकीनाक्याच्या कुठल्या गाळ्यात ३०० माणसं आहेत, दाखवा! पण जे हातात आहे ते सोडू नका. प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र द्यायचं, हे आता मालकाचं बंधन आहे. 'तू रोजंदारीवाला, तुला कसलं पत्र' हे उत्तर चालणार नाही. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत, आणि पगाराबरोबर पगारचिठ्ठी. जादा कामाला दुप्पट दर. काढून टाकलं किंवा तुम्ही सोडलंत, तर राहिलेला पगार कामाच्या दोन दिवसांत. पगार बुडवल्याची मागणी तीन वर्षांच्या आत करता येते, आणि पैसे दिल्याचं सिद्ध मालकानं करायचं असतं, न दिल्याचं तुम्ही नव्हे. ठेकेदार पगार न देता पळाला, तर ज्याच्या कारखान्यात घाम गाळलात त्या मूळ मालकानं तो चुकवायचा. आणि बायांनो, तेच काम तर तोच पगार.

ग्रॅच्युइटीचा हिशेब नीट ऐका, कारण इथंच बाबू लोक गोंधळ घालतात. पाच वर्षं भरली की दर वर्षाला पंधरा दिवसांचा पगार. पण महिना धरायचा २६ दिवसांचा, ३० चा नव्हे. समजा या हिशेबात धरायचा पगार १३,००० रुपये. भागिले २६, रोज ५००. पंधरा दिवसांचे ७,५००. वीस वर्षं झाली, तर दीड लाख. बाबूनं ३० नं भागलं, तर तोच हिशेब १,३०,००० वर येतो. वीस हजार गेले, आणि तुम्ही 'धन्यवाद साहेब' म्हणून घरी! मुदतीच्या करारावर असलात तर पाच वर्षं थांबायचं नाही, एक वर्षाला हक्क लागतो.

आता भाषेचं. १९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्यात लिहिलेलं होतं की कारखान्याचे नियम इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल त्या भाषेत, ते ज्या फाटकातून आत जातात तिथं लावावेत. तो कागद फाटकावर मराठीत किती जणांनी पाहिला? १०६ हुतात्म्यांनी रक्त सांडून १९६० ला महाराष्ट्र मिळवला, १९६४ ला राजभाषेचा कायदा झाला. मंत्रालयात मराठी गेली, गिरणीच्या फाटकावर मात्र बिचकत उभी राहिली. बेळगाव-निपाणीचा आपला माणूस अजून सरकारी कागद मराठीत मागतो आहे. त्याच्यासाठी घोषणा देताना आपल्याच हातातला कागद इंग्रजीत का, हे विचारायला लाजू नका. आपल्या शेजारच्या साच्यावर उत्तरेकडचा भाऊ असेल, त्याला त्याच्या भाषेत समजावून द्या. न वाचता सही त्याच्याकडूनही घेतली जाते, आणि त्याची स्वस्तातली सही उद्या तुमचा दर पाडते.

तर उद्यापासून एवढं करा. न समजलेल्या कागदावर सही नाही. 'घरी वाचून आणतो' म्हणा. कोऱ्या कागदावर तर मुळीच नाही. प्रत्येक चिठ्ठीची एक प्रत घरच्या माणसाजवळ ठेवा, मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा. पत्र मागायचं ते एकट्यानं नको, दहा जणांनी एकाच अर्जावर सह्या करून मागा, आणि अर्ज पोचल्याचा शिक्का घ्या.

व्यासपीठाच्या डाव्या बाजूला टेबल मांडलं आहे. ज्यांनी पगारचिठ्ठ्या बरोबर आणल्या असतील त्यांनी तिथं यावं, आपण एकेक वाचू. चष्मा माझा आहे, कुणालाही घालायला देईन.