संगणकाचा निळा पडदा आणि हार्ड डिस्कचा ड्रायव्हर
(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेतील व्याख्यान)



उन्हाळ्याची सुट्टी संपून जूनमध्ये शाळा उघडते, संगणकावरचे कापड दूर होते, कळ दाबली जाते. विंडोजचे चिन्ह क्षणभर दिसते आणि लगेच निळा पडदा येऊन यंत्र थांबते, किंवा पुन्हा पुन्हा आरंभापासून सुरू होऊ लागते. सुट्टीपूर्वी हेच यंत्र सुरळीत चालत होते. अशा वेळी तालुक्याहून बोलावलेला दुरुस्तीवाला बहुधा दोनच वाक्ये उच्चारतो : 'हार्ड डिस्क गेली' अथवा 'फॉरमॅट मारावे लागेल'. सरल किंवा यू-डायसच्या संकेतस्थळावर भरलेली माहिती तेथे सुरक्षित असतेच. परंतु प्रगतिपत्रके, प्रश्नपत्रिका, दाखल्यांचे नमुने, स्नेहसंमेलनाची छायाचित्रे ही त्या यंत्रातच असतात, व फॉरमॅटबरोबर ती जातात. वस्तुतः अशा पुष्कळ प्रसंगी डिस्क धडधाकट असते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असाच तो प्रकार होय.

हे समजण्यासाठी संगणक सुरू होताना काय घडते, ते पाहिले पाहिजे. प्रारंभी यंत्राचा कारभार मदरबोर्डवरील बायोस नावाच्या छोट्या प्रणालीकडे असतो. तिच्याच साहाय्याने विंडोजचा गाभा डिस्कवरून उचलून स्मृतीत आणला जातो. त्यानंतर बायोस बाजूला होते आणि विंडोज स्वतःच्या ड्रायव्हरमार्फत डिस्कशी बोलू लागते. ड्रायव्हर म्हणजे यंत्रभाग आणि प्रणाली यांमधील दुभाषा. या हस्तांतराच्या क्षणी योग्य दुभाषा हजर नसेल, तर ज्या डिस्कवरून विंडोज आत्ताच उठली तीच डिस्क तिला दिसेनाशी होते, आणि ती काम थांबवते. चिन्ह दिसल्यानंतर पडदा निळा होतो, तो याच कारणाने.

आता, सुट्टीपूर्वी असलेला दुभाषा सुट्टीनंतर गेला कोठे? तो जात नाही; डिस्ककडची भाषा बदललेली असते. साटा डिस्कशी बोलण्याच्या आयडीई, एएचसीआय व रेड अशा पद्धती असतात, आणि त्यांपैकी कोणती वापरावी ही नोंद बायोसच्या मांडणीत असते. जुन्या यंत्रांत ही मांडणी आणि घड्याळ एका नाण्याएवढ्या बॅटरीच्या आधारावर टिकते. तिचे नाव सीआर २०३२. व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर, दाब ३ व्होल्ट. नावातच माप दिलेले आहे. यंत्रास वीज जोडलेली असते तोवर बॅटरीवर भार येत नाही. सुट्टीत मुख्य बटण बंद राहते, क्षीण झालेली बॅटरी संपते, मांडणी कारखान्याच्या मूळ स्थितीला जाते, आणि एएचसीआयच्या जागी आयडीई येते किंवा याच्या उलट घडते. विंडोज तर बसविताना जी पद्धत होती तिचाच ड्रायव्हर आरंभी उठवते. दुसरा डिस्कवर असला तरी उपयोगाचा नाही, कारण ती डिस्कच वाचता येत नाही; पेटीची किल्ली पेटीतच राहावी तसे हे आहे. (२००१ सालच्या विंडोज एक्सपीत तर एएचसीआयचा ड्रायव्हर मुळीच नव्हता. प्रणाली बसविताना एफ-६ ही कळ दाबून तो फ्लॉपीवरून द्यावा लागे.)

म्हणून पहिले काम म्हणजे पडद्यावरील अक्षरे वाचणे. विंडोज ७ मध्ये शून्य, एक्स, मग सहा शून्ये आणि ७बी असा अंक दिसतो. पुढील आवृत्त्यांत 'इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' असे शब्द येतात. विंडोज ११ मध्ये २०२५ पासून हा पडदा निळ्याऐवजी काळा झाला आहे, शब्द मात्र तेच. पडदा झटकन निघून जात असेल तर मोबाइलने चित्रफीत घ्यावी. विंडोज ७ मध्ये सुरुवातीस एफ-८ दाबून आपोआप पुन्हा सुरू होणे बंद करण्याचीही सोय आहे.

यानंतर बायोस उघडावे. त्यासाठी यंत्र सुरू होताच डिलीट, एफ-२ किंवा तत्सम कळ दाबावी लागते; ती पहिल्या पडद्यावर लिहिलेली असते. तेथे प्रथम घड्याळ पाहावे. साल दहापंधरा वर्षे मागे गेले असेल, तर बॅटरी संपली यात संशय उरत नाही. मग डिस्कचे नाव यादीत आहे का ते पाहावे. ते असेल, तर साटाची पद्धत आधी काय आहे ते कागदावर लिहून घ्यावे, ती दुसरी करावी, जतन करून बाहेर पडावे. शाळेच्या यंत्रात बहुधा एकच डिस्क असते, तेव्हा या बदलाने तीवरील मजकुराला धक्का लागत नाही. विंडोज सुरू झाली, तर फॉरमॅटचा प्रश्नच मिटला. न झाल्यास पद्धत पूर्ववत करावी.

बॅटरी बदलताना विजेची वायर काढून ठेवावी, व नवी बॅटरी बसविल्यावर योग्य पद्धतीचे नाव कागदावर लिहून तो यंत्राच्या पेटीच्या आत चिकटवावा. सुट्टीपूर्वीच सावध होण्याची एक खूण आहे : रोज सकाळी घड्याळ चुकलेले असणे, आणि त्यामुळे नेहमीची संकेतस्थळे 'जोडणी सुरक्षित नाही' म्हणून अडणे. अलीकडील पुष्कळ यंत्रांत मांडणी वेगळ्या स्मृतीत राहते व बॅटरी गेल्यास केवळ घड्याळच बिघडते, हेही ध्यानात असावे.

मांडणी ठीक असूनही ७बी आला, तर अद्ययावतीकरणातून आलेला ड्रायव्हर संशयास्पद ठरतो. विंडोज १० व ११ मध्ये आरंभ लागोपाठ फसला की दुरुस्तीचा पडदा आपोआप येतो. तेथून शेवटचे अद्ययावतीकरण काढता येते.

७ए हा अंक मात्र निराळा. त्यात विंडोज सुरू होऊन चालू असते व डिस्कवरून वाचताना अडखळते. यात वायर ढिली असणे किंवा डिस्क खरोखरच बिघडणे संभवते. टकटक असा आवाज येत असेल किंवा बायोसच्या यादीत डिस्कच नसेल, तर यंत्र पुन्हा पुन्हा सुरू करून पाहू नये. वायर काढून घट्ट बसवावी. तरीही तेच घडल्यास डिस्क बाहेर काढून दुसऱ्या संगणकास जोडावी व प्रथम सर्व फाइली उतरवून घ्याव्यात. दुरुस्तीवाल्याकडे यंत्र सोपविताना 'आधी नक्कल, मग फॉरमॅट' हे लेखी सांगावे.

बिटलॉकरने कुलूपबंद केलेल्या यंत्रात बायोसची मांडणी बदलली की ४८ अंकी किल्ली मागितली जाते. ती न मिळाल्यास फाइली डिस्कवर असूनही उघडत नाहीत. यास्तव अशा यंत्राची किल्ली मुख्याध्यापकांच्या कपाटात कागदावर असावी आणि ती तेथे आहे याची खात्री करूनच बायोसला हात लावावा.