कागदांचें घर

जागतिक बँकेच्या साहाय्यानें १९८५ सालीं हातीं घेतलेल्या प्रकल्पांत चारकोपचे भूखंड आंखले गेले. सेक्टर व भूखंड-क्रमांक सांगितला कीं घर सापडतें. तेथील एखादा हिशेबनीस फाइली धाडतो, तेव्हां संगणकावर त्यालाही आपलें 'घर' दिसतें. परंतु ॲमेझॉनच्या एस-थ्री भांडारांत खोल्या नसतातच. फाइलीच्या लांब नांवाचा आरंभभाग तोच कप्पा. त्याच कंपनीची २०१८ सालीं निघालेली हस्तांतर-सेवा प्रत्येकाच्या घराशीं असा एक आरंभभाग जोडते. जोडणी चुकली आणि अधिकारही सैल असले, तर एकाची खातेवही दुसऱ्यासमोर उघडते. म्हणून अधिकारपत्रांतही तेवढाच कप्पा नमूद हवा. दार वेगळें दिसलें म्हणजे भिंत उभी आहे, असें समजूं नये.