संकोचाआडची दुखणी आणि भौतिकोपचार

शिंकताना वा ओझे उचलताना नकळत लघवी होणे, अंग बाहेर येणे, बाळंतपणानंतर ओटीपोटात सतत ओढ लागणे, ही दुखणी नवी नाहीत. ती बोलून दाखविण्याची रीत मात्र नव्हती. या दुखण्यांकडे लक्ष देणारी भौतिकोपचाराची, म्हणजेच फिजिओथेरपीची, एक विशेष शाखा आज उभी आहे. ती कशी घडली हे समजण्यासाठी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयातील सिस्टर मिनी रँडेल यांची वाटचाल पाहणे उद्‌बोधक ठरेल.

इंग्लंडमध्ये त्या काळी हा व्यवसायच नवा होता. मालिशच्या नावाखाली चालणाऱ्या गैरप्रकारांमुळे या विद्येची बदनामी झाली होती. तिला प्रतिष्ठा मिळावी म्हणून चार परिचारिकांनी १८९४ मध्ये आपली संस्था स्थापन केली. रँडेल याच परंपरेतील. रुग्णसेवा, प्रसूतिशुश्रूषा आणि व्यायामोपचार या तिन्हींचे ज्ञान त्यांच्या ठायी एकवटले होते. बाळंतिणीने दीर्घकाळ खाटेवर पडून राहावे, असा त्या वेळचा दंडक होता. सेंट थॉमसमधील प्रसूतितज्ज्ञ डॉ. फेअरबेर्न यांनी १९१२ मध्ये रँडेल यांना बाळंतिणींसाठी खाटेवर करता येतील असे व्यायाम तयार करण्यास सांगितले. येथून या वाटेचा आरंभ झाला.

पुढे नर्तकी मार्गारेट मॉरिस त्यांना येऊन मिळाल्या. मॉरिस यांनी स्वतः भौतिकोपचाराचे शिक्षण घेतले आणि १९३६ मध्ये दोघींचे मातृत्व व शस्त्रक्रियोत्तर व्यायामांवरील पुस्तक प्रसिद्ध झाले. १९४८ मध्ये ब्रिटनमधील प्रसूतिविषयक भौतिकोपचारतज्ज्ञांची संघटना स्थापन झाली. तिच्या नावात पुढे स्त्रीरोग, मग स्त्री-आरोग्य आणि अलीकडे ओटीपोट या संज्ञा येत गेल्या. नावाच्या या बदलातच शाखेचा विस्तार दिसतो. प्रोस्टेट ग्रंथीच्या शस्त्रक्रियेनंतर लघवीवर ताबा न राहणारे पुरुषही आज या उपचाराचा लाभ घेतात.

त्याच १९४८ साली अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. अर्नोल्ड केगेल यांनी ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या स्नायूंचे व्यायाम आणि त्यांचा जोर मोजणारे उपकरण वैद्यकीय जगापुढे मांडले. हे स्नायू मूत्राशय, गर्भाशय व गुदाशय यांना झोळीप्रमाणे खालून आधार देतात. कॉक्रेन संस्थेच्या २०१८ च्या आढाव्यानुसार, खोकताना वा शिंकताना लघवी होणाऱ्या ज्या स्त्रियांनी हे व्यायाम केले, त्यांपैकी सुमारे ५६ टक्के स्त्रियांनी आपली तक्रार दूर झाल्याचे सांगितले. व्यायामोपचार न मिळालेल्या स्त्रियांत हे प्रमाण ६ टक्के होते.

मग विशेषज्ञ कशाला हवा? केवळ तोंडी सूचना ऐकून अनेक स्त्रिया स्नायू वर ओढण्याऐवजी खाली जोर देतात आणि त्रास वाढू शकतो. म्हणून या शाखेत येणाऱ्या भौतिकोपचारतज्ज्ञास पदवीनंतर वेगळे प्रशिक्षण घ्यावे लागते. रुग्णाच्या संमतीने तपासणी करणे, स्नायू दुर्बल आहे की ताठरलेला हे ओळखणे आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे रुग्णाचा संकोच दूर होईल अशा रीतीने प्रश्न विचारणे, हे त्यास शिकावे लागते.

हा संकोच आपल्याकडे किती खोल आहे, हे गडचिरोली जिल्ह्याने दाखवून दिले. डॉ. राणी बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग आढळला. पूर्वी तपासणी झालेल्या स्त्रिया मात्र अवघ्या ८ टक्के होत्या.

प्रत्येक दुखणे व्यायामाने बरे होईल असे नाही. अंग पुष्कळ बाहेर येत असल्यास शस्त्रक्रियाही करावी लागते. म्हणून प्रथम डॉक्टरांकडून तपासणी आवश्यक आहे. परंतु तपासणीपर्यंत स्त्री पोहोचली तरच पुढचे सारे घडेल. महिला सभेत, शाळेतील माता-पालक मेळाव्यात किंवा आशा कार्यकर्तीच्या गृहभेटीत हा विषय निःसंकोचपणे निघाला, तर निम्मी वाट तेथेच सरेल. रँडेल यांना मिळाले होते साधेसे काम, बाळंतिणीच्या खाटेजवळचे. त्यातून एक शास्त्र उभे राहिले. गावोगावी त्याचा आरंभ आपुलकीने विचारलेल्या एका प्रश्नाने होऊ शकेल.