लेकाच्या आवाजातला फोन खरा कशावरून?

बचत गटांच्या बैठकांना आम्ही जातो, तेव्हा हल्ली एक प्रश्न हमखास येतो. "ताई, लेकाच्याच आवाजात कुणी पैसे मागितले, तर खोटं कसं ओळखायचं?" आज त्याबद्दलच बोलू या.

एखाद्याच्या बोलण्याचा लहानसा तुकडा मिळाला, तरी संगणक त्याच्या आवाजात हवं ते बोलून दाखवतो. हे काम एआय, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता करते. लबाड माणसं तिचाच वापर करून म्हणतात, "आई, अपघात झालाय, लगेच पैसे पाठव."

ही लबाडी पकडू पाहणारे संशोधक आधी स्वतःच खोटे आवाज तयार करतात. सर्पदंशावरचं औषध सापाच्या विषाच्याच मदतीनं बनवतात ना, तसंच हे. खोटं कसं बनतं ते कळलं, की ते कुठे उघडं पडतं तेही कळतं.

2015 साली संशोधकांनी एएसव्हीस्पूफ नावाची एक स्पर्धाच ठेवली. 106 जणांचे खरे आवाज घेतले आणि 10 पद्धतींनी खोटे आवाज तयार केले. खोटं ओळखणारी यंत्रणा घेऊन 16 संघ उतरले. सरावाला त्यांना 5 पद्धतींचे आवाज दिले होते. परीक्षेत मात्र आणखी 5 अनोळखी पद्धती होत्या.

सरावातल्या पद्धतींचे खोटे आवाज बहुतेकांनी चांगले ओळखले. पण दहाव्या पद्धतीत खऱ्याच बोलण्याचे बारीक तुकडे गोधडीसारखे जोडले होते. तिथे भल्याभल्या यंत्रणा चकल्या. म्हणून अशा स्पर्धा 2017, 2019 आणि 2021 सालीही झाल्या. लबाडीची नवी तऱ्हा निघाली, की राखण करणाऱ्यांनाही पुन्हा शिकावं लागतं.

यातून आपण काय घ्यायचं? जिथे यंत्रं चकतात, तिथे नुसत्या कानावर विसंबून चालणार नाही. आवाज कितीही ओळखीचा वाटू दे, पैशाचं नाव निघालं की फोन ठेवा. आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर स्वतः फोन लावा. नाही लागला, तर घरातल्या दुसऱ्या कुणाला विचारा. घरात एक खुणेचा शब्द ठरवा आणि तो बाहेर कुणाला सांगू नका. "कुणाला सांगू नकोस, आत्ताच पाठव" असं कुणी म्हणालं, तर तिथेच सावध व्हा.

पैसे गेलेच, तर लाजून गप्प बसू नका. ताबडतोब 1930 या नंबरवर तक्रार करा आणि बँकेला कळवा. जितकी घाई कराल, तितकी पैसे अडवता येण्याची आशा जास्त. आणि फसलेल्या बाईला गटात कुणी हसायचं नाही. ती बोलली, तरच बाकीच्या वाचतील.

गटाच्या खात्यातून पैसे काढताना आपण एकीच्या सहीवर भागवत नाही. उद्या अध्यक्षताईंच्या आवाजात फोन आला, तरी तोच नियम ठेवा. दोघींनी खात्री केल्याशिवाय एक रुपयाही हलवायचा नाही. येत्या बैठकीत तसा ठराव लिहून घ्या.