वाढती वस्ती आणि कामाचे हात : उरणचा अनुभव

महाराष्ट्राची लोकसंख्या वाढत आहे, परंतु ती सर्वत्र वाढत आहे असे नाही. २००१ ते २०११ या दशकात रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आली; सिंधुदुर्गाची ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर. त्याच कोकणातील रायगड जिल्हा मात्र २२ लाखांवरून २६ लाखांच्या पुढे गेला. त्या जनगणनेत रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया आढळल्या. कमावता पुरुष मुंबईस आणि घरी वृद्ध व स्त्रिया, हे चित्र सभेस जमलेल्या सरपंचांना व शिक्षकांना नवे नाही.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार राज्यातील एकूण जननदर १.७ आहे. लोकसंख्या स्थिर राहण्यास तो २.१ च्या आसपास असावा लागतो. शिवाय आज जन्मलेले मूल कामास लागण्यास वीस वर्षे जावी लागतात. तेव्हा गावाचे मनुष्यबळ टिकण्याचे दोनच व्यवहार्य मार्ग राहतात : जाणारा राहावा, किंवा बाहेरून येणारा स्थिरावा. उरणने दोन्हींचा अनुभव घेतला आहे.

भातखाचरे, मिठागरे, मासेमारी आणि मोऱ्याहून भाऊच्या धक्क्यास जाणारी लाँच, असा हा तालुका होता. १९७० साली सिडकोची स्थापना झाली. १९७४ मध्ये मुंबई हाय येथे तेल सापडले आणि उरणला तेल व वायू प्रक्रियेचा प्रकल्प आला. १९८९ मध्ये न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. जानेवारी २०२४ मध्ये उरणपर्यंत रेल्वे आली, आणि त्याच महिन्यात शिवडीहून येणारा अटल सेतूही खुला झाला.

परंतु या वाढीची किंमत जमीनधारकांनी प्रथम मोजली. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात जासई परिसरात गोळीबार होऊन पाच शेतकरी मृत्यू पावले. पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे धोरण आले. भूखंड मिळाला ही मोठीच गोष्ट. तथापि भूखंड विकला गेला की पैसा एका पिढीत सरतो, हातातील कसब मात्र सरत नाही. कंटेनर हाताळणी, क्रेन, सीमाशुल्काची कागदपत्रे यांचे शिक्षण गावातील मुलास मिळाले नाही, तर बंदर शेजारी असूनही तो परकाच राहतो.

बाहेरून येणाऱ्याचीही स्थिती विचारात घेतली पाहिजे. ट्रकचालक, कंत्राटी कामगार बहुधा एकटाच येतो, चौघांत एक खोली घेतो आणि काम संपताच निघून जातो. तो कामगारांच्या हजेरीपटावर असतो. गावाच्या लोकवस्तीत नसतो. कुटुंब आणण्यास परवडणारे घर, अंगणवाडी आणि मुलांना शाळेत प्रवेश लागतो, व त्यांपैकी निदान शेवटच्या दोन गोष्टी गावपातळीवर पुष्कळ अंशी साधता येतात. केरळात २०११ सालीच साठी ओलांडलेल्यांचे प्रमाण १२.६ टक्के होते आणि तेथील पुष्कळशी कामे परप्रांतीयांच्या हाती आहेत. त्या राज्याने एर्नाकुलम जिल्ह्यात अशा कामगारांच्या मुलांसाठी 'रोशनी' हा शालेय उपक्रम चालविला. मूल स्थानिक भाषेत वाचू लागले की कुटुंबाचे पाऊल सहसा निघत नाही.

आणखी एक मनुष्यबळ घरातच आहे, आणि त्याची नोंद क्वचितच होते. आगरी व कोळी समाजातील स्त्री भाताची लावणी करी, मिठागरात राबे, मासळी विके. खाचर व मिठागर गेले तसे तिचे कामही गेले. मोबदला आणि नोकरी मात्र सातबाऱ्यावरील नावास, म्हणजे बहुधा पुरुषास, मिळाली. आताची क्रेन अंगबळावर चालत नाही. केरळातील विळिंजम बंदरात किनाऱ्यावरील गावांतील तरुणी नियंत्रण कक्षात बसून क्रेन चालवितात. उरण व पनवेल परिसरातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी आणि बंदरातील कंपन्यांनी असा अभ्यासक्रम मुलींसाठी एकत्रितपणे आखल्यास, पहिल्या तुकडीसाठी मुली शोधण्याचे काम ग्रामपंचायती व शाळा आजच हाती घेऊ शकतात.